मोल्सवर्थ मूळचे कुठले?

दोन मराठी माणसांची ओळख झाली की पहिल्या दोन मिनिटांत एक प्रश्न येतोच. आडनाव कळतं, मान हलते, आणि मग समोरचा गृहस्थ चष्म्यावरून पाहत विचारतो, "मूळचे कुठले?" तुम्ही "दादरचे" म्हणालात तर त्याचं समाधान होत नाही. "ते झालं हो. पण मूळचे?" मग तुम्ही दादरच्या मागून जिल्हा काढता, जिल्ह्याच्या मागून तालुका, तालुक्याच्या मागून गाव आणि गावाच्या मागून वाडी. वाडी सापडली की त्याच वाडीत त्याची एक चुलत मावससासू दिलेली निघते, आणि मगच चहाला आधण पडतं.

हा प्रश्न आम्ही पोस्टमनला विचारलेला आहे, डॉक्टरांना इंजेक्शन देता देता विचारलेला आहे. एक गृहस्थ मात्र पन्नास वर्षं आमच्या कपाटात वास्तव्य करून आहेत आणि त्यांना तो कोणी विचारला नव्हता. ते म्हणजे मोल्सवर्थ. मराठी-इंग्रजी शब्दकोशवाले. १९७५ साली पुण्यात या कोशाचं पुनर्मुद्रण झालं, तेव्हा वडिलांनी तो हौसेनं घेतला. आमच्या घरात त्याचे उपयोग अनेक झाले. वळलेली लग्नपत्रिका सपाट करणं, पाटावर ठेवून धाकट्या भावंडाला जेवणाच्या टेबलाच्या उंचीला आणणं, आणि पाहुण्यांशी वाद झाला तर पुरावा म्हणून दाणकन पुढे आदळणं. "मोल्सवर्थमध्ये बघा!" म्हटलं की वाद संपत असे. कारण मोल्सवर्थ उचलण्याइतका कोणाचाच मुद्दा महत्त्वाचा नसे.

पण हा मोल्सवर्थ कोण? कोकणस्थ की देशस्थ, म्हणजे तिकडच्या हिशेबानं? गाव कुठलं? भाऊबंद कुठे पांगले?

प्रथम नावाचाच विचार करू. मराठी माणसाला हे नाव ऐकताक्षणी आपलं वाटतं, कारण त्याची सुरुवातच 'मोल' अशी होते. त्यापुढे 'वर्थ'. आता इंग्रजी चौथीतल्या पोरालाही ठाऊक आहे की 'वर्थ' म्हणजे किंमत, मोल. म्हणजे अर्धं नाव मराठी, अर्धं इंग्रजी आणि दोन्हींचा अर्थ एकच! मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या माणसाचं आडनावच मुळी त्या कोशातल्या एका नोंदीसारखं असावं, हा योगायोग काही साधा नाही. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. जुन्या पुस्तकांत हेच नाव 'मोलस्वर्थ' असंही छापलेलं आढळतं. तिथे खिळे जुळवणाऱ्याचा हात एका कान्याने जरी घसरला असता, तरी बिचाऱ्याचा 'मोलस्वार्थ' झाला असता.

इंग्रजांची याबाबतीत वेगळीच समजूत होऊ शकते. त्यांच्या भाषेत 'मोल' म्हणजे जमीन पोखरणारा, उंदरापेक्षा थोर आणि घुशीपेक्षा लहान असा एक अंधुक दृष्टीचा प्राणी. अंगावरचा तीळ म्हणजेही 'मोल'. त्यामुळे या आडनावाच्या मुलाला शाळेत काय काय ऐकून घ्यावं लागत असेल, याची कल्पना 'उंदीरमारे' किंवा 'ढेकणे' या आडनावांच्या वाचकांना सहज येईल.

खरी व्युत्पत्ती यातली एकही नाही. गावांच्या नावांचा अभ्यास हा इंग्लंडात विद्वानांचा प्रतिष्ठित उद्योग आहे. आपल्याकडे तो एस.टी.च्या खिडकीत बसून होतो. या विद्वानांच्या मते आडनावातला 'वर्थ' हा किमतीचा 'वर्थ' नव्हेच. अँग्लो-सॅक्सन लोकांच्या जुन्या इंग्रजीत तसाच एक दुसरा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता कुंपण घातलेली वस्ती. म्हणजे चक्क आपली वाडी! वाँड्सवर्थ, केनिलवर्थ, टॅमवर्थ या सगळ्या वाड्याच. आणि पुढचा 'मोल' म्हणजे 'मूल' नावाचा कोणी एक इसम. त्याची वाडी ती मोल्सवर्थ. त्या काळी 'मूल' म्हणजे खेचर. म्हणजे हे त्या इसमाचं टोपणनाव असणार. अशा नावाला तेव्हा कमीपणा नसावा, कारण केंट प्रांतात याच नावाचा एक राजाही होऊन गेला. त्याला ६८७ साली लोकांनी जाळून मारलं, पण ते नावामुळे नव्हे, कारभारामुळे.

तेव्हा मोल्सवर्थचं मूळ 'मूल' आहे, हे आता मी शपथेवर सांगू शकतो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही मूल नावाचं तालुक्याचं गाव आहे. त्याचा इथे काही संबंध नाही, पण संबंध नसलेली गावं जोडल्याशिवाय आमच्याकडे व्युत्पत्तीची चर्चा पुरी होत नाही.

जाता जाता वर्डस्वर्थचीही एक गोष्ट. डॅफोडिलची फुलं पाहून ज्यांना आनंद झाला आणि ज्यांच्यामुळे आमच्या पिढीला परीक्षेत दुःख झालं, ते कवी. त्यांच्या आडनावातही शब्दांची किंमत वगैरे काही नाही. यॉर्कशरमध्ये वॉड्सवर्थ म्हणून वाडी आहे, त्यावरून ते आलं. त्या कवीचा नातू मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात प्रिन्सिपॉल होता. म्हणजे एक वाडीकर आमचे शब्द गोळा करून गेला आणि दुसरा वाडीकर आमची पोरं शिकवून गेला.

मोल्सवर्थ हे गाव आजही आहे. इंग्लंडच्या पूर्व अंगाला हंटिंग्डन नावाचं शहर आहे, तिथून पश्चिमेला दहा-अकरा मैलांवर. १०८६ साली विजयी विल्यमनं साऱ्या मुलखाची जी जमाबंदी करवून घेतली, त्या डूम्सडे नावाच्या दप्तरात हे गाव 'मोल्सवर्डे' असं नोंदलेलं आहे. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात स्पेलिंग असंच चुकतं. गाव पूर्वी हंटिंग्डनशर परगण्यात होतं. पुढे सरकारनं तो परगणाच मोडला आणि १९७४ साली गाव केंब्रिजशरमध्ये गेलं. आमचा एक भाचा तिकडे नोकरीला आहे. त्याला मुद्दाम वाट वाकडी करून जायला सांगितलं. त्याचा फोन आला, "मामा, गाव आलं म्हणून मी गाडी हळू केली, तेवढ्यात गाव संपलं."

एवढंसं गाव, पण त्याला एकदा जगाच्या पेपरात जागा मिळाली. गावाजवळ पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचा विमानतळ आहे. १९८०च्या दशकात तिथे अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं आणायचं ठरलं आणि शांततावाद्यांनी तंबू ठोकून ठिय्या दिला. १९८५च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, रातोरात फौज पाठवून सरकारनं त्यांना उठवलं आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण घातलं. पुढे १९८७ साली अमेरिका आणि रशियाचा करार झाला आणि क्षेपणास्त्रं गेली. मला यात एकच गोष्ट गमतीची वाटते. ज्या गावाच्या नावाचाच अर्थ 'कुंपण' आहे, तिथे हजार वर्षांनी पुन्हा कुंपण घालायला सरकारला फौज लागली.

आता आडनावाकडे. गावावरून आडनाव घेण्याची तऱ्हा तिकडेही आपल्यासारखीच. फक्त आपण 'कर' मागे लावतो, ते लोक 'द' पुढे लावत. वॉल्टर द मोल्सवर्थ म्हणजे वॉल्टरराव मोल्सवर्थकर. हे वॉल्टरराव घराण्याचे मूळ पुरुष. तेराव्या शतकात राजपुत्र एडवर्डबरोबर ते धर्मयुद्धाला गेले होते, असं त्यांच्या वंशावळीत सांगतात. वंशावळ इंग्रजांची असो की आपली, मूळ पुरुष कुठल्या तरी लढाईला गेलेला असावा लागतो. घरी बसून शेती केलेला मूळ पुरुष कोणाला चालत नाही. पुढे दोन-तीनशे वर्षांत तो 'द' झिजून गेला. आपला 'कर' मात्र झिजला नाही. तो मागे असल्यामुळे टिकला असावा. रांगेत पुढे उभ्या असलेल्याला धक्के जास्त.

आणि इथेच खरी मेख आहे. गावावरचं आडनाव गावात राहणाऱ्याला सहसा लागत नाही. एक तर गावाचा मालक असावं लागतं, नाही तर गाव सोडावं लागतं. सावंतवाडीत सगळेच सावंतवाडीचे. तिथे एखाद्याला 'वाडीकर' म्हणून हाक मारण्यात काय अर्थ? तो मुंबईत येतो, गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड करतो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे लोक त्याला वाडीकर म्हणू लागतात. म्हणजे आडनाव हा माणूस कुठे आहे याचा पत्ता नव्हे, तो कुठून निघाला याची पावती आहे. वॉल्टररावांकडे जमीन होती. बाकीच्या मोल्सवर्थांना हे नाव मिळालं ते मोल्सवर्थला पाठ दाखवल्यामुळे. त्यातून चेशर परगण्यात मोल्ड्सवर्थ नावाचं आणखी एक गाव आहे. त्याचा अर्थ टेकडीवरची वाडी. जुने पाद्री जन्ममृत्यूच्या वहीत कानाला ऐकू येईल तसं लिहीत, तेव्हा तिकडचे चार मोल्ड्सवर्थ इकडच्या पंगतीला बसून गेले असतील तर नवल नाही. सगळे वाडीकर कुठे एकमेकांचे भाऊबंद असतात?

तेव्हा मोल्सवर्थ शोधायचे तर मोल्सवर्थ सोडून बाकी सगळीकडे पाहावं लागतं.

एक फांदी गेली कॉर्नवॉलला, इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात जॉन मोल्सवर्थ हे गृहस्थ कॉर्नवॉलच्या राजघराण्याच्या इस्टेटीचे ऑडिटर म्हणून बदलीवर गेले आणि पेंकॅरो नावाच्या जागी राहिले. सरकारी नोकर बदलीच्या गावी घर बांधतो, तेव्हा ऑडिटमध्ये काही राहून गेलं का असा संशय आमच्या मनात येतो. पण ते असो. त्यांच्या वंशजांकडे तो वाडा आजही आहे. याच घराण्यातला हेंडर मोल्सवर्थ सतराव्या शतकात जमेकाला गेला, हंगामी गव्हर्नर झाला आणि १६८९ साली त्याला सरदारकी मिळाली. तो गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला एजंट होता. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या त्या माणसांना मूळचे कुठले म्हणून कोणी विचारलं नाही. उलट मळेवाल्यांची नावं त्यांच्यावर चढली. जगाच्या नकाशावर इंग्रजी आडनावं पसरलेली दिसतात, ती सगळीच काही रक्ताच्या नात्यानं पसरलेली नाहीत.

पेंकॅरोच्या वाड्यातले सगळ्यात गाजलेले पुरुष म्हणजे सर विल्यम मोल्सवर्थ, जन्म १८१०. केंब्रिजमध्ये असताना त्यांनी आपल्या शिक्षकालाच द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं आणि कॉलेजातून नाव काढून घेतलं, म्हणजे ते काढलं गेलं. पुढे मात्र शहाण्यासारखे वागले. तत्त्वज्ञ हॉब्सचे समग्र ग्रंथ सोळा खंडांत संपादित केले. पार्लमेंटात गेले आणि कैद्यांना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवण्याच्या शिक्षेविरुद्ध एक कमिटी चालवली. मंत्री झाल्यावर लंडनचा क्यू बगीचा रविवारी लोकांसाठी खुला केला. रविवारी बाग बंद ठेवायची ही कल्पना ज्या राष्ट्राला सुचली, त्याच राष्ट्रात ती उघडणारा माणूसही निघावा लागतो. १८५५ साली ते वसाहतमंत्री झाले आणि तीन महिन्यांत वारले. त्यांच्या बागेत चिली देशातून आणलेलं काटेरी पानांचं एक झाड होतं. ते पाहून एक पाहुणा म्हणाला की याच्यावर कसं चढावं हे माकडालाही कोडं पडेल. तेव्हापासून साऱ्या इंग्लंडात त्या झाडाचं नाव 'मंकी पझल' पडलं. हॉब्सचे सोळा खंड किती जणांनी वाचले कोण जाणे. झाडाचं नाव सगळ्यांना पाठ आहे.

दुसरी फांदी आयर्लंडात. क्रॉमवेलच्या धामधुमीच्या काळात रॉबर्ट मोल्सवर्थ हा डब्लिनला व्यापारात जम बसवून १६५६ साली वारला आणि त्याच साली त्याला मुलगा झाला. नाव तेच, रॉबर्ट. हा मुलगा मोठेपणी डेन्मार्कला इंग्रजांचा वकील म्हणून गेला, तिथल्या राजाशी बिनसलं म्हणून परत आला आणि १६९४ साली डेन्मार्कवर एक पुस्तक लिहून त्यानं सारा हिशेब चुकता केला. बदलीच्या गावाला नावं ठेवणारे आमच्या कचेरीतही पुष्कळ होते, पण ती डबा खाताना. पुस्तक लिहून दोन देशांत तक्रारी होण्याइतकी चिकाटी कोणी दाखवली नाही. हे १७१६ साली व्हायकाउंट झाले. १७२० साली साउथ सी कंपनीचे शेअर कोसळून लोकांचे पैसे बुडाले, त्यात यांचेही होते. तेव्हा त्यांनी पार्लमेंटात भाषण केलं. प्राचीन रोममध्ये बापाला मारणाऱ्याला पोत्यात शिवून नदीत टाकत. कंपनीच्या डायरेक्टरांनाही तसंच पोत्यात घालून थेम्समध्ये सोडावं, अशी त्यांची सूचना. ज्यांच्या ठेवी बुडालेल्या आहेत अशा आपल्याकडच्या कोणत्याही सभेत ही सूचना एकमतानं पास होईल.

त्यांचा मुलगा रिचर्ड. १७०६ साली रॅमिलीच्या लढाईत सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो घोड्यावरून पडला आणि शत्रू अंगावर आला, तेव्हा रिचर्डनं स्वतःचा घोडा त्याला दिला. ड्यूक वाचला, लढाई जिंकली. घोडा देणारा पुढे फील्डमार्शल झाला, पण इतिहासात नाव घोड्यावर बसणाऱ्याचं मोठं.

या रिचर्डच्या मुलीची गोष्ट मात्र मला विनोदानं सांगता येत नाही. मेरी मोल्सवर्थ. १७३६ साली तिचं रॉबर्ट रॉशफर्ट या जमीनदाराशी लग्न झालं. तो पुढे अर्ल झाला. धाकट्या दिराशी तिचे संबंध आहेत असा संशय घेऊन नवऱ्यानं तिला वाड्यात कोंडलं. वर्षभर नव्हे, दोन वर्षं नव्हे. नवरा १७७४ साली मेला तेव्हा ती बाहेर आली. सुमारे तीस वर्षं. आत गेली तेव्हा तरुण होती. मराठीत 'मूळ' शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो माणूस पाठवतात, तो मूळ. फील्डमार्शल बापाच्या या लेकीला तीस वर्षांत माहेरचं मूळ काही आलं नाही.

डब्लिनमध्ये या घराण्याच्या नावाचा मोल्सवर्थ स्ट्रीट आहे आणि तो नेमका आयर्लंडच्या पार्लमेंटसमोर जाऊन उभा राहतो. गंमत पुढेच आहे. सर विल्यमचा धाकटा भाऊ फ्रान्सिस १८४० साली न्यूझीलंडला गेला. तिथे वेलिंग्टन शहरातही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, आणि तोही पार्लमेंटच्या अंगावरूनच जातो! पृथ्वीच्या दोन टोकांना दोन पार्लमेंटं आणि दोन्हींच्या दारात मोल्सवर्थ. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मोल्सवर्थ नावाचं गुरांचं कुरण आहे, ते १ लाख ८० हजार हेक्टरांचं. बृहन्मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. कोणा मूलच्या चार झोपड्यांच्या वाडीचं नाव केवढ्या जमिनीवर जाऊन बसलं पाहा. आणि हे कुरण ज्या परगण्यात आहे त्याचं नाव काय, तर मार्लबरो! घोडा दिल्याची परतफेड अशी झाली असावी.

इंग्लंडातच लँकेशरमधल्या रॉचडेल गावी एक मोल्सवर्थ पाद्री होते. त्यांचे दोन मुलगे आपल्या कामाचे. एक, विल्यम नॅसो मोल्सवर्थ, इतिहासकार. रॉचडेलला १८४४ साली विणकरांनी जे सहकारी दुकान काढलं, ज्याचं नाव आपल्याकडे सहकाराच्या प्रत्येक भाषणात सत्काराच्या आधी येतं, त्या चळवळीचा हा सुरुवातीचा पाठीराखा. दुसरा, सर गिलफर्ड मोल्सवर्थ, इंजिनिअर. १८७१ ते १८८९ या काळात तो हिंदुस्थान सरकारचा रेल्वेचा सल्लागार होता. इंजिनिअरांसाठी सूत्रं आणि कोष्टकं एकत्र करून त्यानं खिशात मावणारं एक पुस्तक काढलं आणि ते इतकं खपलं की त्या पुस्तकालाच लोक 'मोल्सवर्थ' म्हणू लागले. म्हणजे एके काळी या देशात दोन मोल्सवर्थ नांदत होते. शाळामास्तरांचा मोल्सवर्थ कपाटात मावत नसे आणि ओव्हरसियरचा खिशात जात असे. एकात शब्दाचं वजन, दुसऱ्यात गर्डरचं.

याच गिलफर्डनं आधी सिलोनात कोलंबोहून रेल्वे नेली ती कँडी गावापर्यंत. आणि आपल्या कोशकार मोल्सवर्थना मदत करणारे दोघे भाऊ होते जॉर्ज आणि टॉमस, आडनाव कँडी! मोल्सवर्थ म्हटला की कुठून तरी कँडीला पोचतोच.

मोल्सवर्थ बायकाही लिहित्या. सौ. मोल्सवर्थ या नावानं मुलांसाठी कथा लिहिणाऱ्या बाईंचं कोकिळेच्या घड्याळाचं पुस्तक १८७७ सालचं. पण इंग्रज वाचकाला आज मोल्सवर्थ म्हटल्यावर आठवतो तो वेगळाच. १९५३ साली जेफ्री विलन्स या लेखकानं आणि रोनाल्ड सर्ल या व्यंगचित्रकारानं मिळून नायजेल मोल्सवर्थ नावाचा एक शाळकरी पोरगा पुस्तकात आणला. पोरगा आळशी, शाईनं बरबटलेला, मास्तरांचा कर्दनकाळ. आणि त्याची कीर्ती कशासाठी? तर चुकीच्या स्पेलिंगसाठी. एकही शब्द धड न लिहिणारा मुलगा. एका आडनावानं आपल्याला शब्दकोश दिला आणि त्याच आडनावानं इंग्रजांना शब्द मोडणारा पोरगा दिला. हा न्याय मला फार आवडला. आपली बाजू वरचढ झाली असं वाटण्याचे प्रसंग इतिहासात थोडे.

आता आपले मोल्सवर्थ. जेम्स टॉमस, जन्म १७९५, मृत्यू १८७१. कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी. फौजेतल्या माणसानं शिकार करावी, पत्ते खेळावे, हिल स्टेशन शोधावं. यांनी शब्द जमवले. एकट्यानं नव्हे, हे आधी सांगितलं पाहिजे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत तात्या गोडबोले आणि त्यांच्या बरोबरीच्या पंडितांनी १८२९ साली मराठीचा मराठी कोश सिद्ध केला होता. त्या पायावर १८३१ साली मोल्सवर्थांचा कोश निघाला. १८५७ साली, म्हणजे बाहेर तोफा चालू असताना, त्याची दुसरी आवृत्ती निघाली ती साठ हजारांच्या घरातल्या शब्दांची. तो इतका अवजड झाला की बाबा पदमनजींना १८६३ साली त्याचा संक्षेप काढावा लागला. त्याचं कारण आमच्या धाकट्या भावंडाला पाटावर बसल्या बसल्या कळलं असेल.

या कोशात नुसती पोथीतली मराठी नाही. शेतातली, बाजारातली, चुलीपुढची आहे. म्हणी आहेत, आणि सोवळ्या माणसानं पान उलटावं असेही शब्द आहेत. अमुक शब्द कोकणातला, तमुक देशावरचा, हेही जागोजागी नोंदलेलं आहे. म्हणजे पाहा, या माणसानं हजारो शब्दांना एकेक करून मान तिरपी करत विचारलं असणार, "मूळचे कुठले?" असा चौकस माणूस मराठीच नव्हता, हे मला अजून खरं वाटत नाही.

परवा आमच्या नातीनं शाळेच्या कसल्याशा प्रकल्पासाठी जुन्या घरातल्या वस्तूंची यादी करायला घेतली. मी सांगत गेलो: उतरंड, शिंकं, आगळ, वळचण, फडताळ. तिनं पेन्सिल खाली ठेवली. "आजोबा, यातलं आपल्या घरात काय आहे?" मी आजूबाजूला पाहिलं. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटला वळचण कुठून असणार? दाराला लॅच, स्वयंपाकघरात मॉड्यूलर का काय ते. वस्तू गेल्या आणि त्यांच्यामागून शब्दही घर सोडून गेले. माझ्या आईच्या तोंडी ते रोज होते. माझ्या तोंडी सणावारी येतात. नातीला ते उच्चारताना जीभ अडखळते. आम्ही वाडी सोडली तशी आमच्या शब्दांनीही सोडली; फक्त जाताना त्यांनी आम्हाला पत्ता दिला नाही.

पत्ता कपाटात होता. कोश काढून नातीपुढे ठेवला. तिनं दोन्ही हातांनी ओढून घेतला. 'उतरंड' पाहिली, मग 'आगळ', मग 'शिंकं'. ते जुन्या पद्धतीनं अनुस्वार देऊन लिहिलेलं असल्यामुळे जरा शोधावं लागलं. अर्थ इंग्रजीत असल्यामुळे तिला ते लगेच कळले, हे मला बरं वाटलं की वाईट, याचा विचार मी अजून करतो आहे. सगळे जागेवर होते. दीडशेहून अधिक वर्षं एका खेचरवाडीकरानं त्यांना बिनभाड्याची खोली दिली होती.

यादी पुरी झाली. नातीनं मुखपृष्ठावरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे आजोबा आपले कोण?"